बिनवाट्याची बाटली

चौक गावात भांडणाला कधी तोटा नव्हता. कोंबडी कोणाच्या परसात शिरली, बोंबील सुकवायची काठी कोणाच्या हद्दीत आली, एवढ्या भांडवलावर तिथल्या बाया अख्खी दुपार काढायच्या. पण मासळीच्या वाट्यावरून त्या किनाऱ्यावर कधी तोंड वाजलं नाही, कारण वाटे ज्युलियाना घालायची.

होडी लागली की ती पदर खोचून वाळूत बसायची आणि हां हां म्हणता ढीग मांडायची. प्रत्येकात थोडे बोंबील, थोडी मांदेली, वर मूठभर कोळंबी. मग उठून समुद्राकडे तोंड करून उभी राहायची. मागून कोणीतरी एका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कोनाचा?" आणि ज्युलियाना पाठमोरीच एक नाव घ्यायची. ढीग दिसतच नाही तर पक्षपात होणार कसा? तिचा नवरा कॅजिटन होडीचा तांडेल. पाण्यावर त्याचा शब्द शेवटचा. पण वाळूला पाय लागले की त्यालाही जो ढीग येईल तो मुकाट उचलावा लागे.

ही वाटायची खोड तिच्या हाडीमाशी खिळलेली होती. घरात फणस पिकला, घाल वाटे. भावानं मुंबईहून बिस्किटं पाठवली, घाल वाटे. एकदा कॅजिटनच्या खोकल्यासाठी म्हणून मधाची बाटली आणली, तर तिचेही वाटे झाले. आळीतल्या सात घरांनी मध चाटला आणि बिचारा कॅजिटन पुढचे पंधरा दिवस खोकत राहिला. "येकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाय," असं ती म्हणायची, आणि तिच्याशी वाद घालायची गावात कोणाची छाती नव्हती.

अशा या मोकळ्या बाईनं एक गोष्ट मात्र दोन वर्षं कोणाला सांगितली नव्हती. तिला उन्हाळी लागायची. लघवीला बसलं की निखारे ठेवल्यासारखी आग, घटकेघटकेला जायची घाई, आणि धावत गेलं तरी चार थेंब. धन्याचं पाणी झालं, वाळ्याचं झालं, शहाळ्यांचा तर ढीग परसात पडला. चार दिवस बरं वाटायचं, मग येरे माझ्या मागल्या. पण असलं दुखणं सांगणार कोणाला? नवऱ्याला सांगायची लाज, पाद्रींना सांगायची त्याहून लाज, आणि शेजारणींना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते उत्तनच्या बाजारात पोचणार.

या दुखण्यानं तिची मोतमाऊलीची जत्रा चुकवली, हे तिचं खरं दुःख.

तेरा वर्षांपूर्वी कॅजिटनची होडी वादळात सापडली होती. तेव्हा ज्युलियानानं वांद्र्याच्या मोतमाऊलीला नवस केला होता, की होडी परत आली तर दर वर्षी सप्टेंबरच्या जत्रेला मी माझ्या हातानं मेणाची होडी वाहीन. होडी आली. बारा वर्षं तिनं नवस पाळला. जत्रेच्या रविवारी पहाटे गावची वीस-पंचवीस माणसं कॅजिटनच्या होडीत बसायची, चार-पाच तासांचा प्रवास गाण्यांत सरायचा, आणि पहिलं गाणं उचलायचा मान ज्युलियानाचा असायचा. गेल्या वर्षी, म्हणजे सन चाळीस साली, मनोरीच्या समोर येईतो तिनं दात आवळून धरले. उघडी होडी, चहूकडे पुरुष, आणि आत वणवा पेटलेला. गाणं अर्ध्या ओळीत तुटलं. "मना ओकारी येतंय, मना उतरवा," ती म्हणाली. कॅजिटननं वारा वाया जातो म्हणून कुरकुरत होडी किनाऱ्याला घातली. मेणाची होडी तिनं शेजारणीच्या, टेरेझाच्या, मांडीवर ठेवली आणि उतरली. होडी पुढं गेली. ज्युलियाना जत्रेचं लाल लुगडं नेसून मनोरीहून चौकपर्यंत पायी परत आली, दर अर्ध्या मैलाला केवड्याच्या बनाआड थांबत आणि वाटभर रडत. नवस तिच्या हातानं फिटला नाही. पुढच्या वर्षी काय वाटेल ते होवो, मनोरीला उतरायचं नाही, असं तिनं त्याच वाटेवर ठरवलं होतं.

एक्केचाळीसच्या जुलैत ती सुकटीची टोपली घेऊन भाईंदरच्या बाजारात बसली होती. तिच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांत एक होत्या डॉक्टर मनोरमाबाई तळपदे. स्टेशनाजवळ त्यांचा दवाखाना होता. बाई पाठारे प्रभू, त्यामुळे मासळीची पारख अशी, की डोळे मिटून नुसत्या वासावर बोंबील कुठल्या किनाऱ्याचा ते सांगतील, आणि घासाघीस अशी, की कोळीण रडकुंडीला यावी. त्या दिवशी मात्र घासाघीस रंगेचना. ज्युलियाना बोलता बोलता उठून जाई, परत येई, पुन्हा उठे. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बोंबील खाली ठेवले.

"आग होते का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. ज्युलियानाचे डोळे घळाघळा वाहू लागले. डॉक्टरीणबाईंनी टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि तिला दवाखान्यात नेलं. लघवी तपासली, सूक्ष्मदर्शक यंत्रात तिलाही डोळा लावायला सांगितला. आत बारीक काड्या वळवळत होत्या, पाण्यात सोडलेल्या जवळ्यासारख्या.

"हे तुझ्या मूत्राशयात घर करून बसलेत," बाई म्हणाल्या. "आता नव्या सल्फाच्या गोळ्या निघाल्यात. लढाईमुळे बोटी वेळेवर येत नाहीत, माल फार थोडा आहे, पण तुला देते. बेचाळीस गोळ्या. दोन सकाळी, दोन दुपारी, दोन संध्याकाळी, सात दिवस. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. कळलं?"

"कललं, डॉक्टरीनबाय," ज्युलियाना म्हणाली. माणूस आनंदात असलं की त्याला सगळंच कळतं.

दुसऱ्या दिवशी आग निम्म्यावर आली. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्युलियाना परसातून परत आली ती चक्क गाणं म्हणत. दोन वर्षांनी! तिला उड्या माराव्याशा वाटल्या. आता हा आनंद ती एकटी खाणार होय? ती थेट टेरेझाच्या दारात गेली आणि सगळी कहाणी तिनं सांगून टाकली. टेरेझा ऐकता ऐकता पदरात तोंड घालून रडायला लागली.

"काय झालं गं?"

"मना पन हाय," टेरेझा म्हणाली. "तीन वरसं झाली."

दुपारपर्यंत कळलं, की आळीत आणखी चौघींना तेच आहे. दिवस उजाडताच मिठागरांवरून, शेतांवरून डोईवर टोपल्या घेऊन चालणाऱ्या, बाजारात दिवसभर आडोसा न मिळणाऱ्या, तहान लागली तरी पाणी न पिणाऱ्या बाया या. प्रत्येकीला वाटत होतं, देवानं हे आपल्या एकटीलाच दिलं. सहाही जणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, आणि मग अशा काही हसत सुटल्या की आळीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

ज्युलियानाकडे तीस गोळ्या उरल्या होत्या. तिचं दुखणं तर गेलं होतं. गरज सरो, वैद्य मरो असली ती बाई नव्हती, डॉक्टरीणबाईंना ती दिवसातून दहादा दुवा देत होती. पण दुखणं गेल्यावर औषध कशाला खायचं? आणि शेजारीण तळमळत असताना खायचं? तिनं सूप घेतलं. सुपात पाच ढीग मांडले, प्रत्येकात सहा गोळ्या. मग रीतीप्रमाणे उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खरं तर सगळे ढीग सारखेच होते, पण रीत ती रीत.

"ह्यो कोनाचा?" टेरेझानं विचारलं.

"तुजा!" ज्युलियाना भिंतीला म्हणाली, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

पुढचा आठवडा त्या आळीत सणासारखा गेला. पाचही जणींची आग शमली. विहिरीवर अशी थट्टामस्करी चालायची, की पुरुष लांबूनच माघारी फिरत. वांद्र्याला नेसायची लुगडी पेटाऱ्यातून बाहेर निघाली.

नारळी पुनव झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि ऑगस्टच्या मध्यावर ज्युलियानाच्या पोटात निखारा पुन्हा पडला. दोन दिवसांनी टेरेझाच्या. मग एकेकीच्या.

ज्युलियाना भाईंदरला धावली. "मागच्या गोळ्या सगळ्या संपवल्यास ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"संपल्या, बाय," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं, आणि बोलताना तिनं टोपलीतल्या मासळीकडे पाहिलं.

बाईंनी आपल्या तुटपुंज्या साठ्यातून पुन्हा सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. या खेपेला ज्युलियाना शहाणी झाली होती. एकही गोळी तिनं कोणाला दिली नाही. दुसरा दिवस गेला, आग तशीच. चौथा गेला. सातव्या दिवशी शेवटच्या दोन गोळ्या गिळून ती परसात गेली आणि परत आली ती भिंत धरत. मागच्या वेळी बारा गोळ्यांनी जे केलं, ते आता बेचाळीसांनी होईना. ऑगस्ट संपत आला होता, जत्रा चौदा सप्टेंबरला. तिला डोळ्यांपुढे मनोरीची वाळू दिसू लागली.

ती पुन्हा दवाखान्यात गेली आणि टोपली खाली ठेवून म्हणाली, "डॉक्टरीनबाय, मी तुमच्याशी खोटं बोल्ले. पयल्या गोल्यांचे मी वाटे घातले."

"काय घातलेस?"

"वाटे. सुपात."

मनोरमाबाईंना हसावं की रागवावं ते कळेना. त्यांनी आधी रागवून घेतलं. आवाज असा चढला, की बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. "अगं, औषध म्हणजे काय बोंबील आहेत? सहा बायकांपैकी एकीलाही पुरतं औषध मिळालं नाही! थोड्या औषधानं दुबळे जंतू मेले, म्हणून तुम्हाला बरं वाटलं. जे चिवट होते ते तगले. त्यांचीच पिल्लावळ वाढली. आता ते निर्ढावलेत. त्यांच्यापुढे गोळ्या टाकल्या काय आणि चुरमुरे टाकले काय!"

ज्युलियाना विचार करू लागली. तिला चिंबोऱ्यांची टोपली आठवली. उन्हात ठेवली की मऊ चिंबोऱ्या आधी मरतात आणि दणकट तेवढ्या नांग्या उगारून बसतात. दोन दिवसांनी टोपलीत हात घालून पाहा म्हणावं.

"म्हंजे गरीब होते ते मी मारले," ती सावकाश म्हणाली, "आनि गुंडांना घर मोकलं करून दिलं."

"अगदी बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांना हसू फुटलं. "सगळ्यांत मोठा वाटा त्यांनाच गेला. जा, त्या पाचही जणींना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सहा जणी बाकावर ओळीनं बसल्या. शाळेत छडी खायला उभ्या केलेल्या पोरींसारख्या त्या दिसत होत्या. तपासण्या झाल्या. चौघींना पुन्हा गोळ्या दिल्या, पुरत्या सात दिवसांच्या, आणि त्यांना गुण येऊ लागला. त्यांचे जंतू अजून ऐकत होते. टेरेझालाही त्याच गोळ्या दिल्या होत्या, पण तिला दोन दिवसांनंतरही फरक पडेना. तिचे आणि ज्युलियानाचे निर्ढावलेले निघाले.

"तुम्हा दोघींना दुसरं औषध," मनोरमाबाई म्हणाल्या. "मँडेलिक ॲसिडचं मिक्श्चर. कडू बदामातून पहिल्यांदा निघालेली चीज आहे."

"बदाम!" टेरेझाचा चेहरा उजळला.

बाईंनी चमचाभर दिलं. टेरेझाचा चेहरा पुन्हा कधी उजळेल असं वाटेना. इतकं आंबट, किळसवाणं औषध ख्रिस्ती माणसाच्या तोंडात त्याआधी गेलं नसावं.

कंपाउंडरानं दोन मोठ्या बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीवर खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवली. बारा खाचा, बारा दिवस. दिवसातून चार वेळा घ्यायचं. पाणी मोजकंच प्यायचं, म्हणजे औषध लघवीत पातळ होणार नाही. शिवाय एक निळ्या कागदांची पुडी दिली. रोज सकाळी लघवीत कागद बुडवायचा. तो लाल झाला तर औषध कामाला लागलं असं समजायचं.

"आणि ज्युलियाना," डॉक्टरीणबाईंनी बोट रोखलं, "या बाटलीला वाटा नाही. एक थेंबही नाही. शपथ घे."

ज्युलियानानं मोतमाऊलीची शपथ घेतली. मंगळवार, दोन सप्टेंबर. शेवटची खाच शनिवारी येत होती आणि रविवारी होडी निघणार होती.

आता आळीत रोज सकाळी नवाच प्रकार सुरू झाला. कुंपणाच्या या बाजूनं ज्युलियाना ओरडायची, "लाल गं?" त्या बाजूनं टेरेझा ओरडायची, "लाल! तुजा?" "माजा पन लाल!" मग दोघी खिदळायच्या. पुरुष चक्रावले. कोणी म्हणे पत्त्यांचा डाव आहे, कोणी म्हणे लाल निशाणवाल्यांनी बायांना फितवलं. पाचव्या दिवशी आग गेली, पण बाटलीत सात खाचा उरल्या होत्या. ज्युलियाना नाक धरून पीत राहिली.

औषध घेणं सोपं होतं. न वाटणं कठीण होतं. एका दुपारी म्हातारा इग्नेशियस, गावचा बातमीदार, ओटीवर आला. ज्युलियाना चमचा तोंडाला लावत होती. "काय पितंस गं?" त्यानं विचारलं. "बदामाचं औषध," तिच्या तोंडून निघून गेलं. "मना पन दे की चाटाय." ज्युलियानानं आयुष्यात पहिल्यांदा खाण्यापिण्याच्या वस्तूला नाही म्हटलं, आणि वर बाटली पदराखाली लपवली. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा तो म्हातारा संध्याकाळपर्यंत गावभर सांगत सुटला, की ज्युलियाना हल्ली बदाम खाते, नि एकटीच खाते. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ती वाटे घालायला बसली तर एक बाई पुटपुटली, "ढीग नीट बघा गं." ज्युलियानाचा हात थांबला. तिला ते काट्यासारखं रुतलं. वीस वर्षांत तिच्या हातावर कोणी संशय घेतला नव्हता.

त्या दिवशी कॅजिटननंही विचारलं, "लोक बोलतात ते काय हाय?" मग तिनं त्याला सगळं सांगितलं, उन्हाळी, मनोरी, केवड्याची बनं, सगळं. कॅजिटननं हातातलं जाळं खाली ठेवलं.

"तवा मना सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तर सगल्या पुरषांना समुद्राकडं तोंड करून बसवलं असतं. पाठ करून. तू वाटे घालताना उबी राहतंस तसं."

ज्युलियानाला हसूही आलं आणि रडूही आलं. असला नवरा घरात असताना आपण दोन वर्षं गप्प राहिलो, याचाच तिला राग आला.

खरी परीक्षा बाटलीवर तीन खाचा उरल्या तेव्हा आली. पलीकडच्या आळीतल्या कृष्णाबाईची सून हिरू दबकत दारात उभी राहिली. कृष्णाबाई हिंदू कोळीण, ज्युलियानाची बाजारातली सोबतीण. हिरूला पाचवा महिना होता. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले.

"मावशी, तुमच्याकडं आगीचं औषध हाय ना? सासूला सांगू नका. दोनच चमचे द्या मना."

ज्युलियानाचा हात आपोआप बाटलीकडे गेला. बूच निघालं, चमचा भरला. समोर पोटुशी पोर, डोळ्यांत पाणी. शपथ गेली खड्ड्यात, असं तिला वाटलं. माऊली बाईच आहे, समजून घेईल. चमचा हिरूच्या ओठांपर्यंत गेला, आणि तिथं ज्युलियानाला सूप आठवलं. सुपातले पाच सारखे ढीग, आणि टाळ्या.

तिनं चमचा मागे घेतला आणि हिरूच्या डोळ्यांदेखत स्वतः पिऊन टाकला. हिरू तिच्याकडे बघतच राहिली. त्या नजरेपुढे ते औषध तिला दहापट आंबट लागलं.

"रडू नको," ज्युलियाना तोंड पुसत म्हणाली. "दोन चमच्यांत तुजं दुखनं मरत न्हाय, माजतंय. चल, ऊठ. सासूला पन हाक मार. आपन भायंदरला जातोय."

"येवढं लांब?"

"मी हाय ना."

उत्तनहून बैलगाडी मिळवली. राई, मुर्धे करत तिघी निघाल्या, वाटेत चार ठिकाणी गाडी थांबली, आणि चारही वेळा कृष्णाबाई नि ज्युलियाना लुगड्याचा आडोसा धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी हिरूला तपासलं, तापही होता. "वेळेवर आणलीस," त्या म्हणाल्या. "आणखी आठ दिवस गेले असते तर बाळावर बेतलं असतं." शेवटच्या राखून ठेवलेल्या गोळ्या त्यांनी हिरूला मोजून दिल्या आणि मग ज्युलियानानं सोबत आणलेली बाटली हातात घेऊन उजेडात धरली. औषध बरोबर नवव्या खाचेवर होतं.

"शाबास," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण परतीच्या वाटेवर ज्युलियाना गाडीत ताठ बसली होती.

गावात शिरताच कृष्णाबाईनं इग्नेशियसला चव्हाट्यावर गाठलं आणि ज्युलियानाचे बदाम कसले आहेत ते त्याला खड्या आवाजात समजावलं. त्यानंतर दोन दिवस म्हातारा किनाऱ्याकडे फिरकला नाही.

शनिवारी बारावी खाच संपली. रविवारी पहाटे होडी निघाली. ज्युलियाना लाल लुगडं नेसून, मांडीवर मेणाची होडी आणि बगलेत एक गाठोडं घेऊन बसली. गोराई मागं पडली. मनोरी जवळ आली तशी होडीतली गाणी हळूहळू थांबली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सगळे तिच्याकडे बघत होते. कॅजिटननं खोकत खोकत सुकाणू जरा सैल सोडलं.

"लावू का किनाऱ्याला? सगले पाठ करून बसतील. मी सांगून ठेवलंय."

"वारा बघ तुजा!" ज्युलियाना ओरडली. "सुकान सरल धर!" आणि उभी राहून तिनं असं गाणं उचललं, की मनोरीच्या किनाऱ्यावरची माणसं हात वर करून नाचायला लागली. ती गात होती, हसत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलं नाही.

वांद्र्याच्या टेकडीवर मेणाच्या वस्तूंची दुकानं लागली होती. मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं. "काय दुखत होतं, बाय?" दुकानदारानं विचारलं. "तसा साचा देतो." टेरेझा आणि ज्युलियाना एकमेकींकडे बघून अशा हसत सुटल्या, की रांगेतली माणसं वळून बघू लागली. त्या साच्याचं मेण अजून कोणी ओतलं नव्हतं.

माऊलीपुढं ज्युलियानानं स्वतःच्या हातानं मेणाची होडी ठेवली. मग गाठोडं सोडलं आणि शेजारी रिकामी बाटली ठेवली, बारा खाचांच्या पट्टीसकट, धुऊन लखलखीत केलेली. टेरेझानं आपली तिच्या बाजूला ठेवली. मेणबत्त्या लावणारा सेवक धावत आला. "हे काय? बाटल्या इथं चालत नाहीत."

"दाखवाय आनलंय तिला," ज्युलियाना म्हणाली. "जल्मात येकच चीज मी कोनाला वाटा न देता संपवली. तिला खरं वाटाय नको?"

सेवकानं बाटलीकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो दुसऱ्या मेणबत्त्या लावायला निघून गेला.

परतताना ज्युलियानानं जत्रेतला खाऊ होडीतच सुपावर मांडला. चणे, खजूर, साखरेची चित्रं. समुद्राकडे तोंड करून ती नावं घेत गेली. एक वाटा डॉक्टरीणबाईंचा, एक हिरूचा. इग्नेशियसलाही त्याचा मिळाला, आणि त्यानं तो खाली मान घालून घेतला. सगळे ढीग उचलले गेले, तेव्हा गाठोड्याच्या तळाशी अजून एक वस्तू राहिली. मधाची भरलेली बाटली. बायांच्या नजरा तिच्यावर खिळल्या. टेरेझानं सवयीनं बोट पुढं केलं.

"ह्यो कोनाचा?"

ज्युलियाना वळली. या वेळी तिनं पाठ केली नाही. सुकाणूवर कॅजिटन खोकत होता. तिनं बाटली नेऊन त्याच्या हातात ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर घट्ट मिटवली.

"ह्याला वाटा न्हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "रोज दोन चमचे घे. खोकला गेला तरी घे. संपेपरतुर. येकट्यानं."